विंडो ऑब्जेक्टवरील नावांची टक्कर आणि छपाईसाठी न उघडणारा टॅब

प्रश्न — विश्रामबाग, सांगली

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानासाठी शेतकऱ्यांची हिशेबपट्टी तयार करणारे एक छोटे वेब पान मी जावास्क्रिप्टमध्ये लिहीत आहे. सौदा झाला की दुकानातील दिवाणजी पोत्यांची संख्या, वजन, दर, हमाली आणि तोलाई भरतात, ‘पट्टी छापा’ हे बटण दाबतात, पट्टी सर्व्हरवर जतन होते आणि मग ती छपाईसाठी नव्या टॅबमध्ये उघडते, अशी रचना आहे. कोणतीही लायब्ररी घेतलेली नाही. सगळा कोड एका साध्या स्क्रिप्ट टॅगमध्ये आहे आणि बहुतेक व्हेरिएबल्स फंक्शनच्या बाहेर, अगदी वरच्या पातळीवर, ‘व्हार’ने घोषित केलेली आहेत.

अडचणी चार आहेत. पट्टी पक्की झाली की नाही हे ठेवण्यासाठी मी ‘स्टेटस’ नावाचे व्हेरिएबल केले आणि त्यात सुरुवातीला ‘फॉल्स’ ठेवले, परंतु ‘इफ’मध्ये तपासले की प्रत्येक वेळी पट्टी पक्की झाल्याचेच उत्तर मिळते. हाच कोड एका फंक्शनच्या आत हलवला की बरोबर चालतो. पुढे गोदामाचे नाव ठेवण्यासाठी ‘लोकेशन’ हे व्हेरिएबल घेतले, तर पान उघडताक्षणी ब्राउझर भलत्याच पत्त्यावर जातो आणि पान सापडत नसल्याचा संदेश दाखवतो. तिसरी गोष्ट अशी की ‘हमाली’ हे व्हेरिएबल एका ठिकाणी घोषित करायचे राहून गेले आहे, तरीही कन्सोलमध्ये (ब्राउझरच्या त्रुटी दाखवणाऱ्या भागात) त्रुटी येत नाही. फक्त निव्वळ रकमेच्या जागी ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) छापले जाते. चौथी अडचण सर्वांत त्रासदायक आहे. ‘विंडो.ओपन’ माझ्या घरी व्यवस्थित चालते, पण यार्डात, विशेषतः सौद्यांच्या गर्दीत नेट मंदावल्यावर, नवा टॅब उघडतच नाही आणि त्या फंक्शनकडून ‘नल’ (म्हणजे ‘काहीच नाही’) परत येते.

नावे बदलून पहिल्या तीन अडचणी टाळता येतील हे मला दिसते आहे, परंतु हे असे का घडते आणि विंडो ऑब्जेक्ट नेमके काय काम करतो, हे नीट समजून घेण्याची इच्छा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.


उत्तर — सातारा

आपल्या पहिल्या तीन अडचणींचे मूळ एकच आहे, म्हणून त्यांच्याविषयी एकत्रच लिहितो. चौथीचे कारण वेगळे आहे आणि छपाईचे काम नेहमी करणाऱ्या कोणी तिचे उत्तर दिले तर अधिक बरे.

जावास्क्रिप्ट भाषेचे जे मानक आहे, म्हणजे एक्मा-२६२, त्यात विंडो नावाचा ऑब्जेक्ट नाहीच. भाषा एवढेच सांगते की ती जिथे चालेल तिथे एक ग्लोबल ऑब्जेक्ट असला पाहिजे. तो कोणता असावा, हे ज्याने त्याने ठरवायचे. ब्राउझरमध्ये ती जबाबदारी विंडोकडे आहे आणि त्याचे सविस्तर वर्णन एचटीएमएलच्या मानकात सापडते. म्हणूनच ब्राउझरसाठी लिहिलेली स्क्रिप्ट नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीत) चालवली की ‘विंडो इज नॉट डिफाइन्ड’ अशी त्रुटी येते, आणि वेब वर्करच्या (पानामागे वेगळ्या चालणाऱ्या स्क्रिप्टच्या) आत विंडो नसून केवळ ‘सेल्फ’ उपलब्ध असतो. सर्वत्र चालेल असे एकच नाव, ‘ग्लोबलधिस’, भाषेत २०२० साली आले.

याचा परिणाम असा झाला की विंडोकडे दोन अगदी भिन्न कामे आली. एकीकडे तो उघडलेल्या टॅबचा प्रतिनिधी आहे: त्या टॅबचा पत्ता, इतिहास, रुंदी-उंची, छपाई, नवा टॅब उघडणे हे सगळे त्याच्यामार्फत होते. दुसरीकडे आपल्या स्क्रिप्टमधील ग्लोबल नावेही त्याच्यावरच साठवली जातात. साध्या स्क्रिप्टमध्ये फंक्शनच्या बाहेर ‘व्हार’ने घोषित केलेले प्रत्येक नाव, तसेच वरच्या पातळीवर लिहिलेले प्रत्येक फंक्शन, विंडोचा गुणधर्म बनते. त्या नावाचा गुणधर्म विंडोवर आधीपासून असेल, तर ‘व्हार’ नवीन काही निर्माण करत नाही. आपण दिलेले मूल्य त्या जुन्याच गुणधर्मावर लिहिले जाते.

आता ‘स्टेटस’ पाहा. १९९५ साली नेटस्केप नॅव्हिगेटर २.० बरोबर जावास्क्रिप्ट आली, तेव्हा ब्राउझरच्या तळाशी एक स्टेटस बार असे आणि त्यात मजकूर लिहिण्यासाठी ‘विंडो.स्टेटस’ हा गुणधर्म होता. आजचे ब्राउझर त्याचा मजकूर कुठेच दाखवत नाहीत, पण जुनी पाने बिघडू नयेत म्हणून गुणधर्म कायम ठेवला आहे, आणि तो फक्त स्ट्रिंग (म्हणजे अक्षरांचा मजकूर) स्वीकारतो. आपण त्यात बूलियन (खरे-खोटे प्रकारचे) ‘फॉल्स’ ठेवता, ब्राउझर त्याचे ‘फॉल्स’ या अक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये रूपांतर करतो, आणि रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग ‘इफ’च्या दृष्टीने खरीच ठरते. कन्सोलमध्ये ‘टाइपऑफ स्टेटस’ असे लिहून पाहिल्यास ‘स्ट्रिंग’ हे उत्तर मिळेल. फंक्शनच्या आत ‘व्हार’ त्या फंक्शनपुरते मर्यादित राहते, विंडोला स्पर्शच करत नाही, त्यामुळे तिथे आपला कोड सरळ चालतो.

‘नेम’ची तऱ्हा अशीच आहे आणि पट्टीच्या पानात तो शब्द कधी ना कधी येणारच, म्हणून आधीच सांगतो. ‘व्हार नेम’ मध्ये शेतकऱ्यांच्या नावांचा रिकामा ॲरे (यादी) ठेवला, तर त्याची रिकामी स्ट्रिंग होते आणि पुढच्याच ओळीत ‘पुश’ हे यादीत भर घालणारे फंक्शन नसल्याची त्रुटी येते. शिवाय ‘विंडो.नेम’मधील मजकूर त्याच टॅबमध्ये पान पुन्हा लोड केले तरी टिकून राहतो, त्यामुळे मागील शेतकऱ्याचे नाव पुढच्या पट्टीत डोकावण्याची शक्यता असते.

‘लोकेशन’ त्याहून धोक्याचे आहे. ‘विंडो.लोकेशन’ला स्ट्रिंग देणे म्हणजे ब्राउझरला त्या पत्त्यावर जाण्यास सांगणे. आपण ‘व्हार लोकेशन = “गोदाम-२”’ असे लिहिले की ब्राउझर सध्याच्या फोल्डरमध्ये ‘गोदाम-२’ नावाचे पान शोधायला निघतो, ते नसते, आणि आपल्याला पान सापडत नसल्याचा संदेश दिसतो. ‘टॉप’चे वर्तन आणखी निराळे आहे: ‘व्हार टॉप = ५’ निमूटपणे दुर्लक्षिले जाते आणि ‘लेट टॉप’ लिहिल्यास संपूर्ण स्क्रिप्ट सिंटॅक्स एररने अडते, कारण हे नाव ब्राउझरने स्वतःसाठी राखून ठेवलेले आहे. ‘लोकेशन’ही त्याच वर्गातले असल्याने वरच्या पातळीवर तिथे ‘लेट’ने सुटका होत नाही, ‘स्टेटस’ आणि ‘नेम’च्या बाबतीत मात्र होते.

‘हमाली’विषयी. आपल्या फॉर्ममध्ये ज्या चौकटीत हमाली भरली जाते तिचा आयडी ‘हमाली’ असाच असावा, असा माझा अंदाज आहे. ज्या घटकाला आयडी दिलेला असतो तो घटक विंडोवर त्या नावाने आपोआप उपलब्ध होतो. त्यामुळे घोषित न केलेले नाव वापरूनही त्रुटी येत नाही, हाती मात्र संख्या न येता इनपुटची अख्खी चौकट येते. एकूण रकमेतून ती चौकट वजा करायला गेल्यावर ‘नॅन’ मिळणे अटळ आहे, आणि जिथे वजाबाकीऐवजी बेरीज असेल तिथे ‘४८२५०’ या आकड्याला ‘ऑब्जेक्ट एचटीएमएल इनपुट एलिमेंट’ असे शेपूट चिकटलेले दिसेल. चौकट ‘गेटएलिमेंटबायआयडी’ने शोधून तिचे ‘व्हॅल्यू’ घ्यावे आणि ‘नंबर’ने त्याची संख्या करावी. दिवाणजी मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे भरत असतील, तर ‘नंबर’ला ते कळत नाहीत आणि पुन्हा ‘नॅन’च येते; म्हणून आधी ते इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यावे लागतात.

उपाय म्हणून वरच्या पातळीवरील सर्व ‘व्हार’ काढून ‘कॉन्स्ट’ आणि ‘लेट’ वापरावेत. ही दोन्ही २०१५ च्या आवृत्तीत भाषेत आली आणि त्यांनी घोषित केलेली नावे विंडोचे गुणधर्म होत नाहीत. तरीही ती नावे त्या पानावरील सर्व साध्या स्क्रिप्टना सामाईक असतात, आणि दोन स्क्रिप्टमध्ये एकच नाव ‘लेट’ने घोषित झाले तर दुसरी स्क्रिप्ट एकही ओळ न चालता थांबते. पान वाढत जाणार असेल तर हे लक्षात असू द्यावे.


उत्तर — मिरज

सातारकरांनी नावांचा भाग इतका स्वच्छ मांडला आहे की त्यात भर घालण्यासारखे काही नाही. मी छपाईविषयी लिहिते.

घरी चालते आणि यार्डात चालत नाही, याचे कारण आपल्या कोडमधील क्रमात आहे. आपण बटण दाबल्यावर आधी ‘अवेट फेच’ने (म्हणजे उत्तराची वाट पाहत) पट्टी सर्व्हरवर पाठवता आणि उत्तर आल्यावर ‘विंडो.ओपन’ करता, असे वर्णनावरून दिसते. नको असलेल्या जाहिरातींचे टॅब उघडू नयेत म्हणून ब्राउझर नवा टॅब तेव्हाच उघडू देतो, जेव्हा माणसाने नुकताच पानावर क्लिक केलेला असतो किंवा कळ दाबलेली असते. हा ‘नुकताच’ फार थोडा काळ टिकतो. क्रोममध्ये तो साधारण ५ सेकंदांचा आहे आणि इतर ब्राउझरमध्ये तो वेगळा असू शकतो. घरच्या वेगवान नेटवर सर्व्हरचे उत्तर त्या अवधीत येते. यार्डात ते उशिरा येते, तोपर्यंत परवानगीची मुदत संपलेली असते, ब्राउझर टॅब अडवतो आणि आपल्या हाती ‘नल’ देतो. त्यामुळे दुकानातील संगणकाला किंवा तिथल्या ब्राउझरच्या सेटिंगला दोष देऊन उपयोग नाही. पॉप-अपला कायमची परवानगी देऊन हे तात्पुरते झाकले जाईल, पण दुकानात नवा संगणक आला की तीच अडचण पुन्हा उभी राहील.

आणखी एक बारकावा असा की ‘विंडो.ओपन’ ही परवानगी खर्च करतो. शेतकऱ्याची प्रत, दुकानाची प्रत आणि खरेदीदाराची प्रत असे तीन टॅब एकाच क्लिकवर उघडायचे ठरवले, तर पहिला उघडेल आणि उरलेले दोन अडवले जातील.

टॅबच हवा असेल तर क्रम उलटा करावा. क्लिक होताच, कोणत्याही ‘अवेट’च्या आधी, रिकामा टॅब उघडावा:

कॉन्स्ट छपाई = विंडो.ओपन('', '_ब्लँक');

‘छपाई’ जर ‘नल’ असेल तर दिवाणजींना पानावरच स्पष्ट सूचना दाखवावी. नसेल तर त्या टॅबमध्ये ‘पट्टी तयार होत आहे’ असे लिहावे, मग सर्व्हरकडे विनंती पाठवावी, आणि उत्तर आल्यावर ‘छपाई.लोकेशन’ला पट्टीचा पत्ता द्यावा. विनंती फसली तर ‘छपाई.क्लोज’ने तो टॅब बंद करावा. स्क्रिप्टने उघडलेला टॅब स्क्रिप्टला बंद करता येतो, माणसाने स्वतः उघडलेला सहसा येत नाही. छपाईची आज्ञा पहिल्या पानातून देऊ नये. पट्टीचे पान पूर्ण लोड झालेले नसताना ‘प्रिंट’ बोलावले तर कोरा कागद निघतो, म्हणून पट्टीच्या पानाने स्वतःच्या ‘लोड’ घटनेत स्वतःची छपाई मागावी, म्हणजे दुकानाचा लोगोसुद्धा येऊन पोहोचलेला असतो. तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये ‘नोओपनर’ मात्र देऊ नका. ते दिल्यास टॅब उघडूनही ‘नल’च परत येते आणि तुमची तपासणी चुकीचे सांगू लागते.

परंतु माझे प्रामाणिक मत असे आहे की या कामाला नवा टॅब लागतच नाही. पट्टीचा आराखडा त्याच पानात एका वेगळ्या विभागात ठेवावा, सीएसएसमध्ये ‘मीडिया प्रिंट’च्या नियमाने फॉर्म लपवून तो विभाग दाखवावा, आणि सर्व्हरचे उत्तर आले की सरळ ‘विंडो.प्रिंट’ बोलवावे. तीन प्रती हव्या असतील तर तीन विभाग एकाखाली एक ठेवून प्रत्येकानंतर ‘ब्रेक-आफ्टर: पेज’ द्यावे. टॅब अडण्याचा प्रश्नच उरत नाही आणि सौद्यांच्या गर्दीत दिवाणजींपुढे उघड्या टॅबांची रांगही लागत नाही.

एका गोष्टीची काळजी घ्यावी. छपाईनंतर ‘आफ्टरप्रिंट’ ही घटना विंडोवर येते, आणि तिच्यावरून पट्टी छापली गेल्याची नोंद करण्याचा मोह होतो. माणसाने छपाईच्या चौकटीत ‘रद्द करा’ दाबले तरी ती घटना येतेच. कागद खरोखर निघाला का, हे ब्राउझर पानाला कळवत नाही. शेतकऱ्याला देण्याच्या पैशांचा कागद असल्यामुळे, ‘छापली’ ही नोंद दिवाणजींनी स्वतः खूण करूनच झाली पाहिजे.


प्रश्नकर्ता — विश्रामबाग, सांगली

सर आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. चौकटीचा आयडी ‘हमाली’ हाच आहे. छपाई त्याच पानातून करण्याचा मार्ग मी स्वीकारत आहे.

नावांची टक्कर कायमची मिटावी म्हणून मी स्क्रिप्ट टॅगला ‘टाइप = मॉड्यूल’ दिले, तेव्हा दोन नव्या गोष्टी घडल्या. बटणावर एचटीएमएलमध्येच ‘ऑनक्लिक’ लिहिलेले होते. ते आता ‘पट्टीछापा’ हे फंक्शन डिफाइन्ड नाही असे म्हणते. दुसरे म्हणजे नेट पूर्ण बंद असेल तेव्हा कच्च्या पट्ट्या लिहून ठेवता याव्यात म्हणून हेच पान दुकानातील संगणकावर फाइल म्हणून ठेवले आहे आणि त्यावर डबल-क्लिक करून ते उघडतात. तिथे स्क्रिप्ट मुळीच चालत नाही. त्याशिवाय दोन टॅबमध्ये दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या एकाच वेळी भरल्या तर दोन्ही पट्ट्यांना एकच क्रमांक मिळतो. क्रमांक मी ‘विंडो.पट्टीक्रमांक’ असा ठेवला आहे.


उत्तर — कराड

मॉड्यूलमध्ये वरच्या पातळीवरील कोणतेच नाव, ‘व्हार’ने घोषित केलेलेसुद्धा, विंडोवर जात नाही, ते त्या फाइलपुरतेच राहते. एचटीएमएलमध्ये लिहिलेला ‘ऑनक्लिक’ मात्र फंक्शनचे नाव ग्लोबल पातळीवर शोधतो, म्हणून त्याला ते सापडत नाही. ‘विंडो.पट्टीछापा = पट्टीछापा’ अशी ओळ घालून काम चालते, पण मग ज्यासाठी मॉड्यूल घेतले तेच आपण सोडून देतो. बटणाला आयडी द्यावा, स्क्रिप्टमध्ये ते शोधावे आणि ‘ॲडइव्हेंटलिसनर’ने क्लिक जोडावा. मॉड्यूल पानाचा एचटीएमएल वाचून झाल्यावरच चालते, त्यामुळे बटण अजून अस्तित्वात नसल्याची अडचण येत नाही. पानभर कुठे ‘विंडो.ऑनलोड = …’ असे लिहिले असेल तर तेही याच पद्धतीने बदलून घ्यावे, कारण तशा दोन ओळी असल्या की दुसरी पहिलीला पुसून टाकते.

आयडीवरून विंडोवर येणारी नावे मॉड्यूलमध्येही वाचता येतात, हे ध्यानात असू द्या. घोषित न केलेल्या नावाला मूल्य देऊ गेल्यास मॉड्यूल त्रुटी देते, कारण ते नेहमी स्ट्रिक्ट (काटेकोर) पद्धतीने चालते. परंतु ‘हमाली’ नुसती वाचली तर आजही चौकटच हाती येईल. त्यासाठी आयडींना वेगळा साचा द्यावा, उदाहरणार्थ ‘चौकट-हमाली’. मध्ये जोडरेघ असल्याने असे नाव व्हेरिएबल म्हणून चुकूनही लिहिले जात नाही.

डबल-क्लिकने उघडलेल्या पानात स्वतंत्र फाइलमधील मॉड्यूल ब्राउझर सुरक्षेच्या कारणाने लोड करत नाही. मॉड्यूल फाइल आणताना तिचा उगम (ती कोणत्या पत्त्यावरून आली) तपासला जातो, आणि डिस्कवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर विश्वासार्ह उगम मानत नाही. दुकानातील संगणकावर एखादा छोटा स्थानिक सर्व्हर चालवणे हा एक मार्ग आहे, परंतु तो रोज सकाळी सुरू करण्याची जबाबदारी दिवाणजींवर टाकणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी साधी स्क्रिप्टच ठेवून तिचा सगळा मजकूर एका फंक्शनमध्ये गुंडाळावा आणि ते फंक्शन तिथल्या तिथे चालवावे:

(() => {
  'यूज स्ट्रिक्ट';
  लेट स्टेटस = फॉल्स;
  // उरलेला सर्व कोड इथे
})();

आत घोषित केलेले काहीही विंडोपर्यंत पोहोचत नाही, ‘लोकेशन’ हे नावसुद्धा आत निर्धास्त वापरता येते, आणि फाइल डबल-क्लिकने उघडली तरी चालते. फक्त हा स्क्रिप्ट टॅग बॉडीच्या अगदी शेवटी ठेवावा किंवा स्क्रिप्ट वेगळ्या फाइलमध्ये असल्यास तिला ‘डिफर’ (पान वाचून झाल्यावर चाल, अशी सूचना) द्यावे.

पट्टीच्या क्रमांकाविषयी: प्रत्येक टॅबचा विंडो स्वतंत्र असतो, त्यामुळे एका टॅबच्या विंडोवर ठेवलेली गोष्ट दुसऱ्याला दिसत नाही. ‘लोकलस्टोरेज’ एकाच उगमाच्या सर्व टॅबना सामाईक आहे आणि त्यात बदल झाला की इतर टॅबच्या विंडोवर ‘स्टोरेज’ ही घटना येते. ज्या टॅबने बदल केला त्याच्यावर येत नाही. कच्च्या पट्ट्यांची यादी सर्व टॅबमध्ये ताजी ठेवायला हे उत्तम आहे. क्रमांक देण्यासाठी ते वापरू नये, कारण दोन टॅबनी एकाच क्षणी जुना क्रमांक वाचला तर दोन्ही त्यात एक मिळवून तोच नवा क्रमांक लिहितील. शिवाय दुकानात दुसरा संगणक असेल तर त्याला यातले काहीच दिसणार नाही. कच्च्या पट्टीला तात्पुरती खूण म्हणून ‘क्रिप्टो.रँडमयूयूआयडी’ने मिळणारी ओळख द्यावी. हे फंक्शनही विंडोवरच आहे, मात्र सर्व्हरवरील पान एचटीटीपीएसवरून उघडलेले असले पाहिजे. फाइल म्हणून उघडलेल्या पानात ते आपल्या ब्राउझरवर मिळते का, हे आधी कन्सोलमध्ये तपासून घ्यावे. पक्का क्रमांक पट्टी जतन होताना सर्व्हरनेच द्यावा आणि तो आल्याशिवाय ‘विंडो.प्रिंट’ बोलावू नये.

हे बदल केल्यावर पान उघडून कन्सोलमध्ये ‘टाइपऑफ विंडो.पट्टीछापा’ आणि ‘टाइपऑफ विंडो.पट्टीक्रमांक’ लिहून पाहा. दोन्हींचे उत्तर ‘अनडिफाइन्ड’ आले, तर ही दोन नावे आता विंडोवर राहिलेली नाहीत.